पत्ता हरवलेला सेन्सर

मंडळी, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण आजचा प्रश्न यंत्राचा आहे. लेझरने अंतर मोजणारा नेटवर्कवरचा सेन्सर हाताशी आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र नव्या संगणकावर चालत नाही. धडधाकट वस्तू भंगारात द्यायची का? नाही. न्यायदर्शनाच्या चार प्रमाणांपैकी तीन इथे कामी येतात.

पहिलं अनुमान. धूर दिसला की अग्नी ओळखतो ना, तसंच. सेन्सर केबलने थेट संगणकाला जोडा, वायरशार्क सुरू करा आणि मगच सेन्सरला वीज द्या. बरेच सेन्सर चालू होताच आपला पत्ता जाहीर करतात. सोबतच्या सहा बाइटच्या हार्डवेअर-पत्त्यातले पहिले तीन बाइट बनवणारा कोण ते सांगतात. आणि गप्प राहिला तर? इथे गांधीबागेत दुकानाचा नंबर नसलेला गठ्ठा आला, तर हमाल गल्लीच्या तोंडाशी नाव पुकारतो. ज्याचा असेल तो ओ देतो. संगणकही एकेक पत्ता घेऊन ‘हा कोणाचा?’ असं सगळ्यांना विचारू शकतो.

दुसरं शब्द, म्हणजे छापील माहितीपुस्तिका. होकुयोच्या यूएसटी-१०एलएक्सचा कारखान्यातला पत्ता १९२.१६८.०.१०, पोर्ट १०९४०. आपल्या संगणकाला त्याच मालिकेतला दुसरा पत्ता द्या, टेलनेटने जोडा, इंग्रजी ‘व्ही’ दोनदा लिहून एंटर दाबा. तो स्वतःचं मॉडेल, अनुक्रमांक सांगतो. त्याची एससीआयपी ही भाषा गुपित नाही, बरं का!

तिसरं प्रत्यक्ष. मोजमाप मागवा, समोर हात धरा. त्या दिशेचा आकडा उतरला, म्हणजे बोलणारा सेन्सर हाच.

पत्ता बदलायचा तो सगळ्यांत शेवटी. नव्या सेन्सरांचा पत्ता सारखाच असतो, म्हणून एका वेळी एकच जोडा. जुना पत्ता कागदावर लिहा. बदल कायम साठवायचा आदेश वेगळा असेल तर तोही द्या. नाहीतर वीज गेली की केलेलं वाया.

एक मर्यादा मात्र पाळायचीच. माणूस जवळ येताच यंत्र थांबवणारे सुरक्षा-स्कॅनर असतात. त्यांची मांडणी उत्पादकाच्याच पद्धतीने, जबाबदार माणसाकडूनच व्हावी. तिथे आपली चूक दुसऱ्याच्या हातापायावर बेतते. काय करता येतं हे कळणं म्हणजे ज्ञान. कुठे थांबायचं हे कळणं म्हणजे विवेक. आम्हाला दोन्ही हवेत.