घरावरची रोषणाई आणि ओहमचा नियम

२००९ साली ऑगस्ट महिन्यात मी संशोधनासाठी अमेरिकेतील ओहायो राज्यात गेलो आणि एका घराच्या माडीवर भाड्याने राहू लागलो. घरमालक सत्तरीच्या घरातले, निवृत्त. पहिल्याच रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आलेखाचा एक मोठा कागद पसरलेला दिसला. त्यावर आम्ही राहत होतो त्याच घराची आकृती होती. प्रत्येक खिडकीला, छपराच्या कडेला, अंगणातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिलेला होता आणि शेजारी बारीक अक्षरांत अँपिअरचे आकडे लिहिलेले होते. घराची वायरिंग बदलायची असावी, असे मला वाटले. विचारले तर म्हणाले, "नाताळची तयारी चालली आहे." नाताळला अजून चार महिने अवकाश होता!

अमेरिकेत हा छंद असलेली माणसे गावोगाव भेटतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण होतो आणि त्यानंतर घरांवर दिवे चढू लागतात ते नव्या वर्षापर्यंत राहतात. ओहायो साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. एवढी लांब, गार रात्र समोर असल्यावर माणसाला दिवे लावावेसे वाटले तर नवल नाही. विजेच्या दिव्यांची ही रीत जवळजवळ विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. एडिसनच्या कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० दिवे लावले होते आणि ते झाड गोल फिरत होते. त्याआधी झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावत. वाळलेले सूचिपर्णी झाड आणि उघडी ज्योत यांचा शेजार किती धोक्याचा, हे सांगायला नको. विजेने ज्योत घालवली. आग लागण्याची शक्यता मात्र पूर्णपणे घालवली नाही. ती ज्योतीतून निघून तारेत जाऊन बसली. आलेखाच्या कागदावरचे आकडे होते ते त्यासाठी.

आता हे आकडे पाहू. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. तिथल्या बारीक बल्बांच्या माळेत ५० बल्ब एकसर जोडणीत असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात. शंभर बल्बांची माळ म्हणजे अशा दोन एकसर रांगा समांतर जोडलेल्या. एका रांगेतून सुमारे ०.१७ अँपिअर धारा जाते. म्हणजे पूर्ण माळेतून ०.३४ अँपिअर, आणि शक्ती सुमारे ४० वॉट. घरातील एका साध्या मंडलाची मर्यादा १५ अँपिअर असते. परंतु तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ सतत चालणारा भार या मर्यादेच्या ८० टक्क्यांहून जास्त नसावा, असा तिथला नियम आहे. म्हणजे १२ अँपिअर, १४४० वॉट. एका मंडलावर ३५ माळा झाल्या की थांबायचे.

आमच्या घरमालकांच्या १४० माळा होत्या. म्हणजे चौदा हजार दिवे आणि ५.६ किलोवॉट भार. १.४४ ने भागले की चार मंडले लागतात. घराबाहेरच्या सगळ्या खोबण्या मात्र दोनच मंडलांवर होत्या, त्यामुळे परवानाधारक वायरमनकडून त्यांनी दोन नवी मंडले ओढून घेतली होती. कोणते झाड कोणत्या मंडलावर, हे कागदावर ठरत होते. सौंदर्याचा विचार त्यानंतर!

एकसर जोडणीतला एक बल्ब गेला की सगळी माळ विझते, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. पण या माळेतला एक बल्ब गेला तर फक्त तोच विझतो, बाकीचे ४९ जळत राहतात. हे कसे? बल्बाच्या आत, तंतूच्या खाली, दोन टोकांना जोडणारी एक बारीक तार गुंडाळलेली असते. तिच्यावर ऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो. बल्ब चालू असताना दोन टोकांमध्ये २.४ व्होल्टच असतात, तेवढ्याने हा थर फुटत नाही. तंतू तुटला की धारा थांबते. धारा थांबल्यामुळे बाकीच्या ४९ बल्बांवर दाबच उरत नाही आणि सगळे १२० व्होल्ट त्या एका बल्बाच्या टोकांवर येतात. थर फुटतो, तारेतून वाट मोकळी होते आणि माळ पुन्हा पेटते. (धारा शून्य झाली की तुटलेल्या जागी पूर्ण दाब का येतो, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. हुशार मुलेही अडखळतात.)

या सोयीची किंमत असते. एक बल्ब गेल्यावर उरलेल्या ४९ जणांच्या वाट्याला थोडे जास्त व्होल्ट येतात. पाच गेले तर १२० व्होल्ट ४५ जणांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी २.६७, ११ टक्के जादा. तंतूचे आयुष्य हे दाबाच्या साधारण बाराव्या ते सोळाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे ११ टक्के दाब वाढला की आयुष्य चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. मग सहावा लवकर जातो, सातवा त्याहून लवकर. माळेकडे दुर्लक्ष केले तर ती आठवडाभरात संपते ती अशी. रोज संध्याकाळी आमचे घरमालक खिशात सुट्या बल्बांची डबी घेऊन घराभोवती एक फेरी मारत, त्याचे कारण मला हा हिशेब केल्यावर कळले. आपल्याकडील २३० व्होल्टवर ६ व्होल्टचे बल्ब घेतले तर एका रांगेत ३८ ते ४० लागतात. बाकीचे गणित तेच.

त्या पहिल्या वर्षी मी मदत करायला गेलो आणि माझी फजिती झाली. अंगणाच्या टोकाला मेपलचे झाड होते. एक्स्टेन्शन वायर तिथवर पोचेना, म्हणून मी एका माळेच्या शेपटात दुसरी अशा दहा माळा एकापुढे एक जोडल्या. मंडलावर जागा होती, सगळ्या पेटल्या, मी खूश. अर्ध्या तासाने घरमालकांनी मला पहिल्या माळेचा प्लग हातात धरायला सांगितला. तो चांगलाच गरम लागला. मग त्यांनी पाकीट दाखवले. एकापुढे एक जास्तीत जास्त पाच, असे त्यावर स्पष्ट छापले होते. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने पाकीट वाचले नव्हते.

झाले होते ते असे. पहिल्या माळेच्या तारेतून तिची स्वतःची आणि पुढच्या नऊ माळांची मिळून ३.४ अँपिअर धारा जात होती. पाचांऐवजी दहा माळा म्हणजे धारा दुप्पट. पण तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती चौपट. प्लगमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज होता, तो का उडाला नाही? फ्यूज मर्यादेपेक्षा किंचित जास्त धारा बराच वेळ सहन करतो. शॉर्टसर्किट झाले तर तो क्षणात वितळेल, पण थोडासा जादा भार त्याच्या नाकाखालून निघून जातो. मंडलाच्या मुख्य खटक्याला तर ३.४ अँपिअर म्हणजे काहीच नव्हे. तो भिंतीतल्या जाड तारेचा रखवालदार आहे, माळेतल्या केसासारख्या तारेचा नव्हे. खटका पडला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, हा समज धोक्याचा आहे, आणि आपल्याकडे गणपतीत व दिवाळीत तो सर्रास दिसतो.

दुसरी खूण झाडावरच होती, पण मला ती वाचता आली नाही. दहावी माळ पहिलीपेक्षा पिवळसर व मंद दिसत होती. तारेच्या रोधामुळे वाटेत दाब पडत जातो. माझा हिशेब सांगतो, की शेवटच्या माळेपर्यंत दहा-अकरा व्होल्ट गळाले असावेत. जाड एक्स्टेन्शन वायरही यातून सुटत नाही. १६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो. ३० मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, रोध साधारण ०.८ ओहम. १० अँपिअर धारा वाहिली तर ८ व्होल्ट वाटेत जातात आणि वायरमध्ये ८० वॉट उष्णता तयार होते. वायर जमिनीवर सरळ पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. तीच वायर गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली तर आतल्या वेढ्यांची उष्णता जाणार कुठे?

पाऊस पडला की वेगळीच अडचण येई. तिथे घराबाहेरच्या खोबण्यांना गळती ओळखणारा खटका असतो. आपल्याकडे त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. गेलेली धारा आणि परतलेली धारा यांत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. (आपल्या घरगुती उपकरणात ही मर्यादा सामान्यतः ३० मिलिअँपिअर असते.) एका ओल्या माळेतून होणारी गळती नगण्य असते, पण तीस माळांची बेरीज ५ मिलिअँपिअरच्या पुढे जाते आणि ऐन पाहुण्यांच्या समोर निम्मे घर काळोखात बुडते. अशा वेळी खटका बगलेत टाकून वीज जोडायचा मोह होतो. आमचे घरमालक त्या रात्री दिवे बंद ठेवत. जोडण्या जमिनीपासून उंच आणि तोंड खाली करून टांगायच्या, म्हणजे पाणी आत साठत नाही, हा त्यांचा उपाय होता.

सिनसिनाटीजवळच्या मेसन या गावातील एका विद्युत अभियंत्याने २००४ साली आपल्या घरावरचे सुमारे १६,००० दिवे ८८ गटांत विभागून संगणकाद्वारे संगीताच्या ठेक्यावर नाचवले. पुढच्या वर्षी त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. यातल्या कष्टांची कल्पना एका गुणाकारावरून येईल. तीन मिनिटांच्या गाण्याचे एक दशांश सेकंदाचे तुकडे केले तर १८०० तुकडे होतात. ८८ गटांनी गुणले की १,५८,४०० चौकटी. प्रत्येकीत दिवा चालू, बंद की मंद, हे ठरवायचे. त्याने संगीत ध्वनिवर्धकावर लावले नाही. अल्प शक्तीच्या एफएम प्रक्षेपकाने ते मोटारीतल्या रेडिओवर ऐकू येई. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, हा एक फायदा. दुसरा भौतिकीचा आहे. ध्वनीला १०० मीटर जायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, तेव्हा दूरच्या मोटारीतल्या माणसाला ठेका आणि दिवे जुळलेले दिसलेच नसते. रेडिओलहरींना हा उशीर नाही. गर्दीचा हिशेब मात्र कोणत्याच कागदावर बसला नाही. जवळच झालेल्या एका अपघाताच्या वेळी वाहनांच्या रांगेतून पोलिसांना वाट काढणे कठीण गेले आणि त्याने दिवे बंद केले. त्याआधी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे ऑस्बोर्न कुटुंबाच्या तीस लाखांहून अधिक दिव्यांचे प्रकरण शेजाऱ्यांनी कोर्टात नेले होते. ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९५ साली ती रोषणाई फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात हलवावी लागली.

पुढे तंतूच्या बल्बांची जागा एलईडीने घेतली. शंभर एलईडींची माळ ५ ते ८ वॉट घेते, म्हणजे १४० माळांचा भार एका किलोवॉटच्या आसपास येतो आणि चार मंडलांचे काम एकावर भागते. तंतू तापायला व निवायला काही क्षण घेतो. एलईडी तात्काळ विझतो, म्हणून ठेकाही नेमका पकडता येतो. मग तारेचा प्रश्न सुटला का? ज्यांतला प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे हवा तो रंग घेतो, अशा माळा आता छांदिष्ट लोक वापरतात. त्यांतल्या पुष्कळशा ५ व्होल्टवर चालतात. पूर्ण पांढरा असताना एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. शंभर दिवे म्हणजे ६ अँपिअर. शक्ती फक्त ३० वॉट, पण धारा दीडशे बल्बांच्या जुन्या माळेच्या दहापटीहून जास्त! ०.२ ओहमच्या तारेत ६ अँपिअरला १.२ व्होल्ट पडतात. १२० मधून एवढे गेले तर कळणारही नाही. पाचातून गेले तर चौथाई गेली. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. म्हणून माळेच्या टोकाला आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि पांढरा प्रकाश तांबूस दिसू लागतो. उपाय म्हणून दर थोड्या अंतरावर माळेला नव्याने वीज द्यावी लागते. दूरवर वीज न्यायची तर ती चढ्या दाबाने का न्यावी, हे शिकवताना उच्चदाबाच्या मनोऱ्यांइतकेच हे उदाहरण चांगले आहे.

वर्गात हे दाखवायचे असेल तर घरातल्या विजेला हात लावू नये. टॉर्चचे बल्ब, चार-सहा सेल आणि बारीक लांब तार एवढे पुरते.

आमच्या घरमालकांनी २०१० साली निम्म्या माळा बदलल्या. पाच आठवडे, रोज पाच तास या हिशेबाने आधीच्या सगळ्या माळांना ९८० युनिट लागत. सगळ्या एलईडी केल्या तर १७० च्या आसपास लागतील, असे त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडले होते. अमेरिकेतील कित्येक शहरे या दिवसांत अवकाशातून एरवीपेक्षा २० ते ५० टक्के अधिक उजळ दिसतात, असे नासाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून २०१४ साली सांगितले, तेव्हा मला त्या कोपऱ्यातल्या आकड्यांची आठवण झाली. कारण जानेवारीत माळा उतरवून, पुठ्ठ्यांवर गुंडाळून, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून झाल्यावर त्यांनी नवा आलेखाचा कागद काढला होता. एक मंडल आता रिकामे राहणार होते. त्यावर त्यांनी मागच्या अंगणातली तीन झाडे लिहिली.