घोटा मुरगळला, चाल बदलली



सोयाबीनची काढणी चाललेली असते, कोजागरीला तुळजापूरला पायी जायचं ठरलेलं असतं. नेमका तेव्हाच बांधावरून उतरताना पाय आत वळतो आणि घोटा सुजतो. "मुरगळलाय, होईल बरा," म्हणत आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात.

घोट्याची हाडं चिवट पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. पाय आत वळला की बाहेरच्या बाजूचा पट्टा ताणतो, कधी फाटतो. पाऊल कसं पडलंय याची खबर मेंदूला देण्यातही या पट्ट्यांचा वाटा असतो. सूज उतरली तरी ती खबर नीट पोचेलच असं नाही, म्हणून तोच पाय पुन्हा मुरगळतो. मग आपण नकळत पाऊल आखूड टाकतो, भार दुसऱ्या पायावर देतो. असं लंगडणं लांबलं की गुडघा आणि कंबरही कुरकुरू लागते.

पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढून घ्या.

दुखणं ओसरलं की भिंतीला हात टेकून त्या एका पायावर रोज थोडा वेळ उभं राहायचं. काही आठवडे नेमानं केलं, तर पावलाचा भरवसा परत येतो.

आणि घरात स्पष्ट सांगूया : चार दिवसांची विश्रांती म्हणजे आळस नव्हे.