स्पीकरची घरघर आणि प्लगची जाड पिन

रमजान जवळ आला की असोद्यात कपाटावरचे जुने डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर पुसून खाली उतरतात. तिलावत आणि नात स्वच्छ ऐकू याव्यात एवढीच अपेक्षा असते. पण मागून सतत ‘हूंऽऽ’ अशी घरघर येते. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘प्लगची जाड पिन काढून टाका, आवाज जाईल.’ आवाज बऱ्याचदा खरोखर जातो. त्याबरोबर घरातल्या माणसांचे संरक्षणही जाते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची. ही आवर्तने स्पीकरमध्ये शिरली की घरघर. शिरण्याची नेहमीची वाट अशी: अ‍ॅम्प्लिफायर जाड पिनेतून अर्थिंगला जोडलेला असतो. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला गच्चीवरच्या डिशची केबल येते आणि तिचे जाळीचे आवरण लोखंडी खांबामार्फत भलतीकडेच जमिनीला टेकलेले असते. दोघांना ऑडिओ वायरीने जोडले की जमिनीच्या या दोन वाटा मिळून वेढा तयार होतो आणि त्यातून बारीक प्रवाह फिरत राहतो.

बटण बंद करून बाहेरून येणाऱ्या सगळ्या ऑडिओ वायरी काढा आणि नुसता अ‍ॅम्प्लिफायर चालू करा. तरीही घरघर राहिली तर दोष आतला, बहुधा सुकलेला कंडेन्सर. तो दुरुस्तीवाल्याकडे न्या, झाकण घरी उघडू नका. आवाज थांबला तर एकेक वायर लावत जा, चोर सापडतो. डिशची वाट निघाली तर टीव्ही, बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. एवढ्याने भागले नाही तर ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवतात. जाड पिनेला हात लावायचे कारणच उरत नाही.

रेडिओची खरखर निराळी. ती स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांची. रेडिओ सेलवर लावून घरातली एकेक वस्तू बंद करत गेले की कळते. मीडियम वेव्हवर रेडिओ थोडा फिरवून ठेवला तरी फरक पडतो. एफएमला हा त्रास कमी. एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1933 मध्ये त्याची पेटंटे मिळवली ती खरखरीवरचा उपाय म्हणूनच.

आता अर्थिंगकडे वळू. भरिताच्या वांग्यांना मानवणारी आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, आणि सुकलेली माती वीज नीट वाहून नेत नाही. फ्रिजच्या दाराला हात लावताच झिणझिण्या येतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतावे. अर्थिंग नीट लागते का, हे मात्र वायरमनकडूनच तपासून घ्यावे, आणि त्याच फेरीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. तो नव्या स्पीकरच्या जोडीपेक्षा आधी यावा, असे आमचे मत आहे.