कोडाईचं तळं, मे महिना आणि ई-पास: गेटवर नक्की काय मोजलं जातं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आज विषय आहे कोडाईकनाल. तमिळनाडूच्या पळणी डोंगरात, समुद्रसपाटीपासून साधारण २,१०० मीटर उंचीवरचं, तळ्याकाठचं छोटं गाव. मे महिन्यात तिथे समर फेस्टिव्हल भरतो. दरवर्षी तो भरतो आणि दरवर्षी घाट तुंबतो. याच्यावर उपाय म्हणून सरकारनं जी यंत्रणा लावली, ती आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या अगदी ओळखीची आहे. ती कुठे चालते आणि कुठे कमी पडते, हे आज समजून घेऊ.

आधी घाटातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी, ई-पास यायच्या आधी, मी आई-बाबांना घेऊन बेंगळुरूहून कोडाईला निघालो. मे महिना, शनिवार, भाड्याची गाडी. बत्तलगुंडूनंतर घाट सुरू झाला आणि सिल्व्हर कॅस्केड धबधब्याच्या अलीकडे सगळं थांबलं. गाव अजून सात-आठ किलोमीटर.

तासाभरानं मागून सायरन ऐकू आला. ॲम्ब्युलन्स. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, सरकायचं कुठे? लोक खाली उतरले. कुणी दगड बाजूला केले, कुणी गाडी कडेच्या गटारापर्यंत नेली. आमच्या गाडीला ओलांडून जायला तिला पाऊण तास लागला. आत कोण होतं, पुढे काय झालं, काहीच कळलं नाही. पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही, कारण तिच्या वाटेत उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एक माझी होती.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. ते खिडकीतून पुढची रांग मोजत होते. म्हणाले, "एका एस.टी.त चव्वेचाळीस सीट. इथं चव्वेचाळीस माणसांना अकरा गाड्या लागल्यात."

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

फेस्टिव्हल असतो तरी काय?

हे तळं नैसर्गिक नाही. १८६३ मध्ये व्हेअर लेव्हिंज या इंग्रज अधिकाऱ्यानं पाणी अडवून ते बनवलं. चांदणीसारखा आकार, सुमारे ६० एकर, भोवती साधारण पाच किलोमीटरचा रस्ता. शेजारीच ब्रायंट पार्क. मे महिन्यात तिथे फ्लॉवर शो भरतो, हा फेस्टिव्हलचा मुख्य भाग. बाकी नाच-गाणी, कुत्र्यांचं प्रदर्शन, आणि तळ्यात सजवलेल्या होड्यांची मिरवणूक. वेगवेगळी सरकारी खाती आपापली होडी फुलांनी सजवून आणतात. आपल्याकडे गणपतीत चित्ररथ असतात ना, तसंच, फक्त पाण्यावर.

मला सगळ्यात आवडते ती बदकं पकडायची स्पर्धा. तळ्यात बदकं सोडतात आणि स्पर्धक होडीतून त्यांच्या मागे लागतात. ठरलेल्या वेळात हातानं पकडायचं. बदक शेवटच्या क्षणाला डुबकी मारतं, होडी गोल फिरते, आणि काठावरचे लोक बदकाच्या बाजूनं ओरडतात!

हे सगळं सुरू झालं पाहुण्यांनी यावं म्हणून. ते आले. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ३६,५०१ होती. हा आकडाही लक्षात ठेवा.

ई-पास म्हणजे रेट लिमिटर

एप्रिल २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं आदेश दिला की नीलगिरी जिल्हा (म्हणजे ऊटी वगैरे) आणि कोडाईकनाल इथे येणाऱ्या वाहनांना ई-पास लागेल. एकट्या नीलगिरीत सीझनला दिवसाला सुमारे २०,००० वाहनं येतात, असा आकडा न्यायालयापुढे आला होता. ७ मे २०२४ पासून पास सुरू झाला. वेबसाइटवर जायचं, गाडीचा नंबर, किती माणसं, कधी येणार, कुठे राहणार हे भरायचं, क्यूआर कोड मिळतो. पैसे लागत नाहीत.

पण पहिल्या वर्षी संख्येवर मर्यादा नव्हती. जो मागेल त्याला पास. आमच्या भाषेत याला लॉगिंग म्हणतात: कोण आलं याची नुसती नोंद. ती नोंदही कामाची असते, कारण मोजल्याशिवाय आवरता येत नाही. हे डोंगर किती माणसं झेलू शकतात याचा अभ्यास आयआयटी मद्रास आणि आयआयएम बेंगळुरू यांच्याकडे सोपवला गेला.

मार्च २०२५ मध्ये खरी मर्यादा आली. एप्रिल ते जून या काळासाठी कोडाईला आठवड्याच्या दिवशी ४,००० आणि शनिवार-रविवारी ६,००० वाहनं. स्थानिकांची वाहनं, शेतमालाची वाहनं, ॲम्ब्युलन्स यांना सूट. सरकारी बसनं येणाऱ्यांवर बंधन नाही.

याला आम्ही रेट लिमिटिंग म्हणतो. सर्व्हरवर एकदम लाखभर लोक आले की तो सगळ्यांसाठीच बंद पडतो. म्हणून दारातच सांगायचं, 'इतके आत, बाकीचे नंतर या.'

मग अडतं कुठे?

पहिली अडचण: मर्यादा दिवसाची आहे, तासाची नाही. ६,००० गाड्या चोवीस तासांत विभागल्या तर ताशी २५०. पण रात्री दोनला घाट कोण चढतो? त्याच गाड्या आठ तासांत आल्या तर ताशी ७५०. कागदावर मर्यादा पाळली, घाट मात्र तुंबलेलाच. तत्काळ तिकिटांची खिडकी उघडते त्या मिनिटाला साइटचं काय होतं, ते आठवा. फ्लॉवर शो नऊ-दहा दिवस चालतो हे त्या दृष्टीनं चांगलं, गर्दी विभागते. पण होड्यांची मिरवणूक एकाच दुपारी असते.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. क्यूइंग थिअरीत, म्हणजे रांगांच्या गणितात, लिटलचा नियम म्हणून एक सूत्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. अगदी साधं आहे:

आत असलेल्यांची संख्या = येण्याचा वेग × सरासरी मुक्काम

दिवसाला ४,००० गाड्या येतात असं धरा. प्रत्येक गाडी सहा तास, म्हणजे पाव दिवस थांबली तर कुठल्याही वेळी गावात साधारण १,००० गाड्या. प्रत्येक गाडी दोन दिवस राहिली तर ८,०००. गेटवरचा आकडा तोच, गावावरचा भार आठपट. आणि गाडीमागे चार माणसं धरली तर ८,००० गाड्या म्हणजे ३२,००० पाहुणे. गावाची लोकसंख्या आठवतेय ना? जवळजवळ आणखी एक कोडाई.

म्हणजे भार दोन प्रकारचा आहे. घाटातली कोंडी ठरते येण्याच्या वेगावर. पाणी, कचरा, पार्किंग हे ठरतं आत किती जण आहेत त्यावर. ई-पास पहिला भार आवरतो. दुसऱ्याची माहिती फॉर्ममध्ये भरून घेतो, पण त्यावर मर्यादा लावत नाही.

मग मुक्काम कमी करायचा का? तसंही नाही. सगळे सकाळी येऊन संध्याकाळी परतले तर गाव मोकळं, पण घाट दोन्ही वेळा भरलेला, आणि लॉजवाल्याचं काय? तिथल्या लोकांचं वर्ष या दोन महिन्यांवर उभं असतं. नीलगिरीतल्या व्यापाऱ्यांनी एप्रिल २०२५ मध्ये दुकानं बंद ठेवून ई-पासला विरोध केला, तो उगाच नव्हता.

चहावाल्या अक्कांचं म्हणणं

ई-पास आल्यानंतरच्या एका मे महिन्यात मी परत गेलो. या वेळी मंगळवारी, आणि बसनं. तळ्याभोवती चालताना एका टपरीवर थांबलो. माझं तमिळ मोडकं, अक्कांचं हिंदी त्याहून मोडकं, पण जमलं. मी विचारलं, "अक्का, गाड्या कमी झाल्या तर धंदा कमी होणार ना?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "तंबी, गाडीत बसलेला माणूस चहा पीत नाही."

सीझनच्या रविवारी समोरून दिवसभर गाड्या सरकतात, पण थांबायला जागाच नाही. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे चालणारा माणूस. अर्थात सगळ्यांचं गणित असं नाही, मोठ्या हॉटेलवाल्याला गाडीवालाच लागतो. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आपण मोजतोय वाहनं, आणि गाव जगतं माणसांवर. दोन्हींचं प्रमाण काही देवानं ठरवून दिलेलं नाही. बाबांनी घाटात तेच सांगितलं होतं. अकरा गाड्या किंवा एक बस.

माणसं तितकीच येऊ द्या, पण बसनं येऊ द्या, तर घाटही सुटतो आणि टपरीही चालते. माथेरानला आपण गाडी दस्तुरीला ठेवतोच की, आणि तिथे जाणं काही बंद केलेलं नाही.

जायचं असेल तर

रेल्वेनं कोडाई रोड स्टेशन, तिथून सुमारे ८० किलोमीटर, पुढे बस. शक्यतो सोमवार ते गुरुवार. गाडी न्यायचीच असेल तर पास निघायच्या आधी काढा आणि घाट भल्या सकाळी चढा. वर पोचलात की गाडी लॉजवर ठेवा. तळ्याची फेरी पाच किलोमीटर, आरामात सव्वा तास. पाच लिटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांवर तिथे बंदी आहे, घरूनच बाटली न्या.

गावच्या जत्रेला आपण जातो तेव्हा कुणाच्या तरी घरचे पाहुणे असतो, त्यामुळे आपोआप जपून वागतो. कोडाईला आपलं घर नसतं, म्हणून गेट लागतं. बदकांची स्पर्धा बघायला काठावर जागा भरपूर आहे. फक्त घाटात ॲम्ब्युलन्सला वाट राहिली पाहिजे.

तुमच्याकडचे अनुभव पाठवा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या रस्त्यावर अडकलेल्यांनी तर नक्कीच! पुढच्या भागात भेटू.