मर्ढेकरांची लयतत्त्वे आणि दारातील रांगोळी

निरनिराळ्या कलांच्या मुळाशी रचनेचे समान नियम असतात काय, हा प्रश्न मराठी सौंदर्यविचारात बा. सी. मर्ढेकर (१९०९-१९५६) यांनी जितक्या काटेकोरपणे मांडला, तितका क्वचितच कोणी मांडला असेल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी सौंदर्याचा आधार लयबद्ध रचनेत शोधला आणि लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध व समतोल. घटकांतील सारखेपणा, त्यांच्यातील विरुद्धता आणि त्यांना तोलून धरणारी मांडणी, असा या संज्ञांचा स्थूल अर्थ होय.

या नियमांची चर्चा बहुधा मान्यताप्राप्त कलांच्या आधारे होते. येथे उदाहरण मुद्दाम घरगुती घेतले आहे. बंगळूरमधील बेळ्ळंदूर हे मूळचे तळ्याकाठचे गाव. बाह्य वर्तुळ मार्गालगत संगणक-उद्योग वाढल्यावर तेथे नाना भाषांची कुटुंबे बहुमजली इमारतींत राहावयास आली, त्यांत मराठीही आहेत. अशा वस्तीत मराठी ठिपक्यांची रांगोळी, कन्नड ‘चुक्की रंगोली’ आणि तमिळ कोलम ही शेजारधर्माने एकमेकांच्या दृष्टीस पडतात.

‘अकरा ते सहा’ ही परिचित मांडणी पाहू. मधल्या ओळीत ११ ठिपके. तिच्या दोन्ही अंगांना प्रत्येक ओळीत एकेक कमी होत शेवटी ६. ओळी ११, ठिपके ९१ आणि आकार षट्कोनी. ठिपक्यांतील समान अंतर हा संवाद. रेषा आणि मोकळी जागा यांच्यात विरोध. मध्याभोवती फिरणारी आकृती हा समतोल. आपल्या पद्धतीत रेषा सहसा ठिपक्यांना जोडते व ठिपका तिच्यात लोपतो. तमिळ ‘सिक्कु’ कोलमात रेषा ठिपक्याला वळसा घालून जाते आणि ठिपका अखेरपर्यंत सुटा राहतो. नियम तेच, परिणाम मात्र वेगळा.

संगीतातही हेच आढळते. तीनतालाच्या १६ मात्रा चार समान विभागांत पडतात. तिसऱ्या विभागात, म्हणजे खालीच्या जागी, डग्ग्याचा घुमारा काही मात्रा थांबतो. या अभावामुळेच श्रोत्याला आवर्तनातील आपले स्थान कळते. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, तर चौथा आखूड व यमकाविना सुटतो. येथेही पुनरावृत्तीला अर्थ येतो तो तिच्या भंगाने.

अडचण सुरू होते ती साहित्यापाशी. शब्दाला अर्थ असतो, हे ओळखून मर्ढेकरांनी भावनात्मक अर्थ हीच साहित्याची सामग्री मानली आणि तिला हेच नियम लावले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या उपपत्तीचा हा सर्वांत दुबळा सांधा आहे. दोन भावनांमधील सारखेपणा ठिपक्यांप्रमाणे मोजता येत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी भूमिकेइतकाच लौकिकतावादी भूमिकेचाही विचार केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

खरे तर अशी अडचण रांगोळीतही आहे. तीच ९१ ठिपक्यांची आकृती वहीत काढली तरी तिची लय बदलत नाही. पण दारातली रांगोळी येणाऱ्याचे स्वागत करते आणि पायाखाली पुसलीही जाते. सुतकात ती घालीत नाहीत. त्या सकाळी कोरी राहिलेली फरशी समोरच्या घराला जे कळविते, ते संवाद, विरोध वा समतोल यांपैकी कोणत्याही संज्ञेने सांगता येत नाही.