‘चुकीची वाट’ नावाची भीती

बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल, तर आजचा विषय तुम्ही बसलाय तिथूनच सुरू होतो. प्रवास.

आपल्या भाषेकडे जरा कान देऊन बघा. पोराला नोकरी लागली की घरचे म्हणतात, “चला, मार्गी लागला.” नाही लागली, की मित्र म्हणतात, “वाट लागली.” दोन्हीकडे रस्ताच! संगत बिघडली की माणूस आडवाटेला जातो. निकाल लागायचा असला की आपण वाट बघतो. आयुष्य म्हणजे रस्ता, हे कुठल्या कवीनं येऊन शिकवायची गरज पडत नाही. ते आईच्या बोलण्यातूनच कानावर पडत असतं.

आता हा विषय का घेतला? एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला होता. राज्यसेवेचे दोन प्रयत्न झालेत, तिसरा द्यायचाय, आणि पुण्यात एका ठिकाणी नोकरी मिळतेय. चार दिवसांत कळवायचंय. तिचा शेवटचा प्रश्न होता, “चुकीची वाट निवडली तर?” नोकरी घे की अभ्यास कर, हे मी इथून सांगणार नाही, मला तो अधिकारही नाही. पण ‘चुकीची वाट’ हे शब्द डोक्यात राहिले. कारण या शब्दांमागे एक चित्र आहे: जंगलात रस्त्याला दोन फाटे फुटलेत, एक बरोबर, एक चूक, आणि आपण मध्ये उभे.

हे चित्र जगभर पोचवणारी एक कविता आहे, रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’. तिचा शेवट मोटिव्हेशनल पोस्टर्सवर छापतात. ‘मी कमी लोकांची वाट धरली, म्हणून माझं आयुष्य बदललं’, असा त्याचा अर्थ सांगतात. गंमत अशी, की हे पोस्टर लावणाऱ्यांनी मधली कडवी बहुतेक वाचलेलीच नसतात. त्यात तो प्रवासी स्वतःच सांगतो की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पानं पडली होती आणि कुणाचा पाय लागलेला नव्हता. मग ‘कमी लोकांची वाट’ आली कुठून? ती येते भविष्यातून. तो म्हणतो, कित्येक वर्षांनी मी उसासा टाकत ही गोष्ट अशी अशी सांगेन. म्हणजे वाट निवडताना फरक दिसत नव्हता, फरक नंतर गोष्ट सांगताना तयार होणार आहे. आणि नावही नीट बघा. कवितेचं नाव घेतलेल्या वाटेवर नाही, न घेतलेल्या वाटेवर आहे.

ही कविता जन्मली ती एका मित्राच्या सवयीतून. फ्रॉस्ट अमेरिकन, पण १९१२ ते १९१५ तो इंग्लंडमध्ये राहत होता. १९१४ मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या डायमॉक गावाच्या आसपास तो आणि एडवर्ड थॉमस नावाचा इंग्रज लेखक तासन्‌तास भटकायचे. थॉमसची खोड अशी, की एका वाटेनं नेलं की मागाहून हळहळायचं: अरे, त्या दुसऱ्या वाटेनं गेलो असतो तर आणखी छान काही दाखवता आलं असतं! फ्रॉस्टनं अमेरिकेला परतल्यावर त्याला ही कविता पाठवली. त्यात मित्राची हलकी चेष्टा होती. थॉमसनं ती गंभीरपणे घेतली.

त्या वेळी थॉमसपुढे खरोखरचे दोन फाटे होते. फ्रॉस्टच्या शेजारी अमेरिकेत जाऊन राहायचं, की सैन्यात भरती व्हायचं. वय सदतीस, बायको, तीन मुलं. जुलै १९१५ मध्ये तो भरती झाला. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत तो मारला गेला. कवितेमुळे तो युद्धावर गेला, असं काही जण सांगतात. मला ते फार घाईचं वाटतं. माणूस एका कवितेवर इतकं मोठं पाऊल उचलत नाही. पण एक मान्य करायला हवं: काही निवडी अशा असतात की तिथून मागे फिरता येत नाही. त्यांच्यासाठी फाट्याचं चित्र खरंच आहे.

बाकीच्या निवडींचं काय? इथे मला आपला एक प्रवासी आठवतो. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घर गरीब, डोक्यावर कर्ज. उत्तरेत शिंद्यांकडून मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, असं कळल्यावर ते काकांबरोबर निघाले. साल होतं १८५७! महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले आणि म्हणाले, आता बंड होणार आहे, परत जा. म्हणजे हा फाटा अगदी पाटी लावलेला होता. तरी ते पुढे गेले. पुढे झाशीच्या वेढ्यात अडकले, शहराची कत्तल पाहिली, लुटले गेले. ज्यासाठी निघाले होते तो पैसा काही घरी आला नाही. आले ते गंगेचं पाणी घेऊन, आई-वडिलांसाठी.

आता सांगा, वाट चुकली का? कर्जाच्या हिशेबानं बघितलं तर हो. पण सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि १९०७ मध्ये ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापून आलं. झाशीतले ते दिवस एका साध्या भटजीच्या नजरेनं आपल्याला दिसतात ते त्या पुस्तकामुळे. निघताना यातलं काहीही त्यांच्या यादीत नव्हतं. म्हणजे ‘बरोबर-चूक’ ठरवायला जो शेवट लागतो, तो निवडताना हातात नसतोच. (म्हणून कर्ज काढून लढाईत घुसा, असं मी म्हणत नाहीये, बरं का!)

आणि मग आपल्याकडे वारी आहे. ही तर फाट्याच्या चित्राला पार उलटी. आळंदीहून पंढरपूर, तोच रस्ता, तेच मुक्काम, तोच दिवे घाट. कुठे जायचं हा प्रश्नच नाही. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणं-येणं आहे. एकदा जाऊन आला तो यात्रेकरू, दर वर्षी जातो तो वारकरी. आणि आषाढी झाली की पालखी परत आळंदीला येते, तिला परतवारी म्हणतात. बातम्यांमध्ये ती फारशी दिसत नाही, गर्दीही कमी असते, पण पावलं तेवढीच पडतात.

नोकरी, शिक्षण, शहर, यातल्या आपल्या बऱ्याच निवडी मला वारीसारख्या वाटतात. नोकरी पहिल्या दिवशी निवडली म्हणून संपत नाही, सोमवारी सकाळी ती पुन्हा निवडावी लागते. अभ्यासाचंही तेच. म्हणून मी त्या मैत्रिणीला उलट दोनच प्रश्न पाठवले. यातून परत फिरता येतं का, आणि फिरायचं ठरलं तर किती महिने, किती पैसे लागतील? परीक्षेला वयाची अट असते, ऑफरला तारीख असते, त्यामुळे उत्तर दोन्हीकडे सारखं येणार नाही. ते कागदावर मांडायला लागतं, आणि शक्यतो रात्री दोन वाजता नको.

‘माझा प्रवास’ मिळालं तर जरूर वाचा. सुरुवातीची भाषा जड वाटली तर थेट झाशीपासून सुरू केलंत तरी चालेल. पुढच्या भागात भेटू.