नाण्यांची वेबसाइट : पाहणाऱ्याला वाट सापडली पाहिजे

जुनी नाणी जमवण्याचा शौक असलेले लोक आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींनी आता आपल्या संग्रहाची वेबसाइट तयार केली आहे. एकेका नाण्याचे वजन करणे, दोन्ही बाजूंचे फोटो काढणे, त्यावरचा फारसी मजकूर लावणे, ही मेहनत काही लहान नाही. तरीही अनुभव असा की, पाहणारा येतो, दोन-चार ठिकाणी बोट लावतो आणि निघून जातो. माल उत्तम असताना गिऱ्हाईक रिकाम्या हाताने का परतते, हा सवाल दुकानदार स्वतःला करतो. संग्राहकानेही तो केला पाहिजे.

यात नुकसान कोणाचे, तेही समजून घ्यावे. एखाद्या घरी आजोबांच्या पेटीत चांदीची चार नाणी निघतात. घरात फारसी लिपी वाचणारा आता कोणी उरलेला नाही. त्या नाण्यांची ओळख पटली नाही तर ती सराफाकडे जातात, चांदीच्या भावाने तोलली जातात आणि मुशीत वितळतात. ओळख करून देणारी माहिती वेबसाइटवर असूनही त्या घरच्या मुलाला सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

दोन प्रकारचे पाहणारे

बहुतेक वेबसाइटींची मांडणी घराण्यांप्रमाणे असते : दिल्लीचे सुलतान, बहामनी, मोगल, आसफजाही, मराठे, ईस्ट इंडिया कंपनी. जाणकाराला ही मांडणी सोयीची आहे. पण ज्याच्या हातात नाणे आहे आणि घराणे ठाऊक नाही, त्याने आत शिरायचे कोठून? जे त्याला शोधायचे आहे तेच आपण त्याला दारातच विचारतो.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन गिरणीचे नाव सांगत नाही. ‘सदऱ्याचे सुती दाखवा, पांढरे, मोठ्या पन्ह्याचे’ असे म्हणते. दुकानदाराने तागे कोणत्याही हिशेबाने लावलेले असोत, उत्तर गिऱ्हाइकाच्या बोलीतूनच द्यावे लागते.

म्हणून पहिल्याच पानावर दोन दरवाजे असावेत. एक, ‘राजा किंवा घराणे माहीत आहे’. दुसरा, ‘नाणे हातात आहे, ओळख हवी आहे’. दुसऱ्या दरवाजातून आलेल्याला डोळ्यांना दिसते तेवढेच विचारावे : धातू कोणता, आकार गोल की चौकोनी, अक्षरे फारसी, नागरी की इंग्रजी, चित्र आहे काय?

हैदराबाद संस्थानचे नाणे घ्या. मराठवाड्यातील जुन्या घरांत ‘हाली’ रुपया अजून निघतो. घरचे लोक त्याला चारमिनारचा रुपया म्हणतात. संग्राहक तो ‘आसफजाही’ या सदरात ठेवतो. चित्रांच्या यादीत ‘चारमिनार’ असेल तर माणूस एका पायरीत तेथे पोहोचतो. मग त्याला पुढचे सांगता येते की, चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळचे आणि ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या काळचे.

एक वस्तू, अनेक वाटा

एकच वस्तू अनेक अंगांनी शोधता यावी, हा विचार आपल्याच देशातील ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली आपल्या ‘कोलन’ वर्गीकरणात मांडला. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. आज खरेदीच्या वेबसाइटींवर रंग, माप, किंमत निवडून माल गाळून घेता येतो, तो याच जातीचा विचार आहे. नाण्यांसाठी धातू, लिपी, टांकसाळ, वर्ष आणि चित्र ही पाच अंगे पुरेशी होतात. नाण्याचे पान एकच ठेवावे, त्याकडे येणाऱ्या वाटा मात्र पाच असाव्यात.

नावांचा घोळ

मोगल नाण्यांवर औरंगाबादच्या टांकसाळीचे नाव पुष्कळदा ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. शोधणारा ‘औरंगाबाद’ असे लिहितो. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, म्हणून दुसरा कोणी ते लिहील. तिन्ही नावांनी तेच पान उघडले पाहिजे. उर्दू नावे मराठीत लिहिण्याच्या तऱ्हाही अनेक आहेत : मोगल, मुघल, शेरशाह, शेरशहा. पानावर शुद्ध रूप एकच ठेवा, पण शोधाच्या यादीत सर्व रूपे भरा. गिऱ्हाइकाचा उच्चार दुरुस्त करणे हे दुकानदाराचे काम नव्हे.

वर्षाची अडचण

नाण्यावर हिजरी सन असतो. मोगल नाण्यांवर त्याच्या जोडीला बादशहाचे जुलूसी, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्षही असते. पाहणाऱ्याला इसवी सन हवा असतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने नुसती वजाबाकी चालत नाही. ढोबळ हिशेब असा : हिजरी सनाला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावेत. हिजरी १००० म्हणजे इसवी सन १५९१-९२. प्रत्येक पानावर दोन्ही सन लिहावेत.

अंकांचा एक नमुनाही द्यावा. अरबी-फारसी पाचाचा अंक गोल असतो आणि शून्य हा नुसता ठिपका असतो. अनभिज्ञ माणूस पाचाला शून्य समजतो. १११५ चे १११० होतात आणि १७०३-०४ चे नाणे १६९८-९९ चे ठरते. शिवाय ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने मोगल नाण्यांवर पुष्कळदा सनाचा एखादा अंक उमटतच नाही. म्हणून अर्धवट सन टाकूनही शोध घेता यावा.

भारत सरकारच्या नाण्यांसाठी तर एक छोटा तक्ताच पुरे. चिन्ह बहुधा वर्षाखाली असते : चौकट आकार मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि चिन्ह नसेल तर कोलकात्याचे नाणे.

पानावर काय असावे

प्रत्येक नाण्याला कायमचा क्रमांक द्यावा आणि पानाचा पत्ता पुन्हा बदलू नये. दुकानाची जागा वारंवार बदलली की जुने गिऱ्हाईकही तुटते. पानाच्या माथ्यावर आपण कोठे आहोत ते दिसावे, जसे ‘मोगल, औरंगजेब, सुरत, रुपया’, आणि त्यातील कोणत्याही शब्दावर बोट लावून मागे जाता यावे. फोटो सुलट लावावा, कारण ज्याला लिपी येत नाही त्याला वरची बाजू कोणती हेही कळत नाही. शेजारी मजकूर नागरी अक्षरांत आणि त्याचा अर्थ साध्या मराठीत द्यावा. वजन आणि व्यास लिहावा. मोगल रुपया सुमारे ११.४ ग्रॅम भरतो, हे कळले तर माणूस घरच्या नाण्याशी ताडून पाहील. यादीतले फोटो लहान असावेत, बोट लावल्यावर मोठे व्हावेत. पुष्कळ लोक मोबाइलवरच पाहतात, जड पान उघडेपर्यंत ते थांबत नाहीत.

तपासणी कशी करावी

याला खर्च नाही. नाण्यांची काहीही माहिती नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या हातात एक नाणे द्यावे, वेबसाइट उघडून द्यावी आणि ते शोधायला सांगावे. आपण शेजारी बसावे, पण तोंडातून शब्द काढू नये. तो जेथे अडेल तेथे त्याला दोष न देता खूण करून ठेवावी. अशी चार-पाच माणसे बसवली की मोठ्या उणिवा आपोआप पुढे येतात. त्या दुरुस्त कराव्यात आणि नवी माणसे बसवून पुन्हा पाहावे.

संग्रह हा जमवणाऱ्याच्या ज्ञानाने मोठा होतो, पण उपयोगी पडतो तो अजाण माणसाला. दारात आलेल्याला विचारायचे ते त्याला दिसते तेवढेच. नाव, सन आणि घराणे त्याला सांगणे हे आपले काम आहे.